मूठभर मेदाचे मोल

मराठी भाषेने चरबीविषयी कधी चांगला शब्द काढलेला नाही. उन्मत्ताच्या डोळ्यांवर ती चढते, उद्धटाच्या अंगात ती वाढते, आणि मग कोणीतरी ती उतरवण्याची भाषा बोलू लागतो. आनंद झाला तर आपल्या अंगावर मूठभर मांस चढते. मूठभर चरबी चढल्याचे कोणी सांगत नाही. आयुर्वेदाने मेदाला सप्तधातूंत चौथे स्थान दिले खरे, पण घराघरांत हा शब्द निघतो तो बहुधा वजनकाट्यावर उभे राहिल्यावर, नाहीतर डॉक्टरांनी तळलेले पदार्थ वर्ज्य सांगितल्यावर.

अशा या निंदेच्या धन्याला नव्याने जन्म देण्याची खटपट गेली सुमारे तीस वर्षे जगातील अनेक प्रयोगशाळांत चालू आहे. माणसाच्या शरीरातील मूलपेशी, म्हणजे इंग्रजीत ज्यांना ‘स्टेम सेल’ म्हणतात त्या पेशी, बाहेर काढायच्या, त्यांची संख्या वाढवायची, त्यांना मेदपेशी होण्याचे वळण लावायचे आणि जिथे उणीव आहे तिथे तो मेद बसवायचा, असा हा संकल्प आहे. ज्या जगात निम्मे लोक चरबी कमी करण्यासाठी धडपडतात, तिथे ती वाढवण्याचा हा उद्योग कशासाठी, असा प्रश्न प्रथमदर्शनी पडतो. त्याचे उत्तर मेद नसलेल्या माणसाकडे पाहिले म्हणजे मिळते.

मेद हरवला तर

आपला चेहरा आपला वाटतो तो केवळ हाडांमुळे आणि कातडीमुळे नव्हे. गालांची गोलाई, डोळ्यांभोवतीचा भराव, टाचेखालची गादी, हे सारे मेदाचे काम. अर्ध्या चेहऱ्याखालचा मेद हळूहळू विरत जावा आणि पंचविशीतल्या मुलीचा एक गाल म्हाताऱ्या माणसासारखा खोल जावा, असा एक आजार आहे. भाजण्याच्या आणि अपघाताच्या जखमा भरून आल्या तरी त्यांच्या खाली खड्डे राहतात. कारण कातडी जुळते, पण तिच्याखालचा हरवलेला थर परत येत नाही.

मेद हा नुसता भराव नाही, हेही आता ठाऊक झाले आहे. १९९४ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने लेप्टिन या संप्रेरकाचे जनुक शोधून काढले. हे संप्रेरक मेदपेशीतून रक्तात उतरते आणि शरीरात साठा किती आहे याची वर्दी मेंदूला देते. ज्यांच्या अंगात जन्मतःच मेद जवळजवळ नसतो अशा रुग्णांना भूक अनावर लागते, यकृतात चरबी साठते आणि कोवळ्या वयात मधुमेह जडतो. साठवणीची कोठारेच नसल्यामुळे धान्य अंगणात पडून कुजावे, तसा हा प्रकार. अमेरिकेत २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, मेद नसलेल्या मधुमेही उंदरांच्या अंगात निरोगी उंदरांचा मेद बसवला तेव्हा त्यांचा मधुमेह हटला. चरबी म्हणजे रोग, हे समीकरण एवढ्या एका प्रयोगाने पुसट व्हावे.

परंतु मेदाची सर्वांत मोठी गरज स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रियांना असते. भारतीय स्त्रियांत आज हाच कर्करोग सर्वाधिक आढळतो. गाठ काढली जाते, औषधे होतात, किरणोपचार होतात, आणि जीव वाचल्याच्या आनंदात त्या बाईच्या दुसऱ्या दुःखाची कोणी विचारपूस करीत नाही. पदर सारखा केला की प्रश्न संपला, असे घरातल्यांना वाटते. तीही तसेच भासवते. ‘या वयात आता काय त्याचे’ हे वाक्य अशा घरांतून नेहमी ऐकू येते. ते बोलणारी व्यक्ती बहुधा ती स्वतः नसते.

शंभर वर्षांची उसनवारी

ही उणीव भरून काढण्याचे उपाय पुष्कळ झाले आणि त्यांतले काही रोगापेक्षा भयंकर ठरले. १८९९ साली व्हिएन्नाच्या रॉबर्ट गेर्सुनी यांनी पातळ केलेले व्हॅसलीन कातडीखाली टोचण्याची रीत काढली. मागोमाग मेणासारखे पॅराफिन आले. काही काळ सगळे छान दिसे. नंतर तो पदार्थ सरके, त्याभोवती कठीण गाठी होत, कातडी फुटे. १९६२ साली अमेरिकेतील ह्यूस्टन येथे क्रोनिन आणि जेरो या शल्यविशारदांनी सिलिकोनची पिशवी प्रथम बसवली. लाखो स्त्रियांना तिचा उपयोग झाला, पण पिशवी फाटणे, तिच्याभोवतीचा पापुद्रा आवळत जाणे, या तक्रारी सुटल्या नाहीत. १९९२ साली अमेरिकी सरकारने सिलिकोनच्या पिशव्यांच्या सर्रास वापराला मनाई केली आणि ती २००६ साली उठवली.

स्वतःचाच मेद एका जागेवरून काढून दुसऱ्या जागी लावण्याची कल्पना याहून जुनी आहे. १८९३ साली गुस्ताव नॉइबर या जर्मन शल्यविशारदाने हातावरच्या मेदाचे बारीक तुकडे काढून चेहऱ्यावरचा व्रणाचा खड्डा भरला. तुकडे लहान असले तरच टिकतात, हे त्याच्या तेव्हाच ध्यानात आले होते. दोनच वर्षांनी हायडेलबर्ग येथे व्हिन्सेन्ट्स चेर्नी यांनी एका रुग्णेच्या अंगावरची मेदाची निरुपद्रवी गाठ काढून ती तिच्याच स्तनाच्या जागी बसवली. पुढे १९५० च्या सुमारास लिंडन पीअर या अमेरिकी शल्यविशारदाने अशा कलमांचे वजन करून पाहिले. वर्षभरात त्यांचे निम्मे वजन घटलेले आढळले.

पोकळ नळीने चरबी शोषून काढण्याची रीत १९७० नंतरच्या दशकात इटली आणि फ्रान्समध्ये रुजली, आणि रुग्णाच्या पोटावरचा मेद विनासायास हाती येऊ लागला. तोच सुईने स्तनात भरावा, असे अनेकांना सुचले. पण १९८७ साली अमेरिकेतील प्लॅस्टिक सर्जनांच्या संघटनेने या प्रकाराला विरोध केला. मेलेल्या मेदाच्या जागी चुन्याचे कण धरतात आणि क्ष-किरणांच्या तपासणीत ते कर्करोगाच्या खुणांसारखे दिसू शकतात, अशी भीती होती. तपासणीची तंत्रे सुधारल्यावर, २००९ साली, त्याच संघटनेच्या अभ्यासगटाने तो विरोध मागे घेतला. आज रुग्णाचा स्वतःचा मेद भरणे ही मान्यताप्राप्त शस्त्रक्रिया आहे. दोष राहिला तो जुनाच: भरलेल्यापैकी किती टिकेल याचा भरवसा नाही आणि पुनःपुन्हा भरावे लागते.

पुण्याजवळच्या कारागिराचे शहाणपण

मेद का टिकत नाही, हे समजून घेण्यासाठी थोडे आपल्या मुलखात यावे लागेल. १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’ या मासिकात एक पत्र छापून आले. कावसजी नावाचा शेतकरी जातीचा मराठा गडी इंग्रज फौजेच्या बैलांवर होता. १७९२ च्या युद्धात तो टिपूच्या हाती सापडला आणि त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. वर्षभर तो तसाच राहिला. मग पुण्याजवळच्या, विटा करणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने त्याला नवे नाक बसवून दिले. मुंबई इलाख्यातील दोन इंग्रज डॉक्टरांनी ही क्रिया डोळ्यांनी पाहिली होती.

त्या कारागिराने प्रथम मेणाचे पातळ नाक बनवून मापाला लावले, ते सपाट करून कपाळावर ठेवले, भोवती रेघ ओढली आणि तेवढी कातडी सोडवून खाली वळवली. मात्र दोन डोळ्यांच्या मध्ये तिची एक चिंचोळी पट्टी त्याने कापली नाही. त्या पट्टीतून नव्या नाकाला रक्त मिळत राहिले. नाक जिवंत धरल्यावर, सुमारे २५ दिवसांनी, पट्टी कापली गेली. हे वर्णन वाचून लंडनच्या जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ साली तशी शस्त्रक्रिया केली आणि तेथून युरोपच्या प्लॅस्टिक सर्जरीला नवी वाट मिळाली.

त्या अनाम कारागिराला जे कळले होते, तेच आजच्या प्रयोगशाळेला पदोपदी आठवावे लागते. ज्याला रक्त पोहोचते ते जगते. निरोगी मेदात प्रत्येक पेशीला निदान एक केशवाहिनी बिलगलेली असते. प्राणवायू रक्तवाहिनीपासून पेशींमधून फार तर मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांपर्यंत झिरपतो. मेदाचा मोठा गोळा उचलून दुसरीकडे ठेवला, तर कडेच्या पेशी शेजारच्या रक्तावर तग धरतात, आतल्या गुदमरतात. टोकियो विद्यापीठात कोतारो योशिमुरा यांच्या गटाने अशा कलमांचा सूक्ष्म तपास केला, तेव्हा बाहेरच्या जेमतेम ०.३ मिलिमीटर थरातल्याच मेदपेशी वाचलेल्या दिसल्या. पण त्यांना आणखीही एक गोष्ट आढळली. त्या थराच्या आत, जिथे मेदपेशी मेल्या होत्या, तिथे त्यांच्या शेजारच्या मूलपेशी मात्र जिवंत होत्या, आणि मेलेल्यांच्या जागी त्या नव्या मेदपेशी घडवीत होत्या. त्याहून खोल भागात सारेच नष्ट झालेले होते.

शरीराचे बियाणे

मूलपेशी म्हणजे शरीराने राखून ठेवलेले बियाणे. पक्व मेदपेशी ही तेलाने तुडुंब भरलेल्या बुधल्यासारखी असते. तिचे केंद्रक कडेला दाबले गेलेले असते. ती विभागत नाही, सहज फुटते आणि काचपात्रातल्या द्रवात वर तरंगते. तिच्यापासून शेती होत नाही. मूलपेशी मात्र विभागते, वाढते आणि मिळणाऱ्या सूचनांप्रमाणे वळण घेते.

१९७४ साली अमेरिकेत हॉवर्ड ग्रीन आणि मार्क म्यूथ यांनी उंदराच्या अशा पेशींचा वाण प्रसिद्ध केला, की ज्या पात्रात वाढता वाढता आपोआप मेदपेशी होत. १९९९ साली मार्क पिटेंजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाच्या अस्थिमज्जेतील मूलपेशींपासून हाड, कूर्चा आणि मेद असे तिन्ही प्रकार घडवून दाखवले. आणि २००१ साली पॅट्रिशिया झुक व त्यांच्या सहकाऱ्यांनी, शोषून काढून फेकून दिल्या जाणाऱ्या चरबीतच अशा मूलपेशी विपुल असतात, हे जाहीर केले. मज्जेसाठी हाडात सुई घालावी लागते. इथे तर टाकाऊ मानलेल्या बादलीतच खाण सापडली.

पुढची कृती ऐकायला सोपी आहे. काढलेला मेद धुतात, एका विकराने त्याचे धागे विरघळवतात आणि मिश्रण वेगाने फिरवतात. तेल वर येते, तळाशी पेशींचा गाळ बसतो. तो प्लॅस्टिकच्या पात्रात पसरला की मूलपेशी तळाला चिकटतात आणि वाढू लागतात. पुरेशी संख्या झाली की द्रवात इन्शुलिन, डेक्सामेथासोन आणि आणखी एकदोन द्रव्ये घालतात. दोन-तीन आठवड्यांत त्या सडपातळ पेशी फुगू लागतात आणि त्यांत तेलाचे थेंब चमकू लागतात. लाल रंग दिला की ते स्पष्ट दिसतात.

शरीर हा उद्योग निमूटपणे जन्मभर करीत असते. १९५५ ते १९६३ या काळातील अणुस्फोटांमुळे हवेत किरणोत्सारी कार्बन वाढला आणि अन्नावाटे तो माणसांच्या पेशींत गेला. त्याच्या प्रमाणावरून पेशीचे वय काढून स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतील कर्स्टी स्पाल्डिंग आणि सहकाऱ्यांनी २००८ साली दाखवून दिले, की प्रौढ माणसाच्या मेदपेशींपैकी सुमारे १० टक्के दरवर्षी नव्या होतात. म्हणजे नवा मेद घडवण्याची कला शरीराला अवगत आहेच. आपल्याला हव्या त्या जागी आणि हव्या त्या आकारात ती कशी वापरून घ्यायची, एवढाच प्रश्न उरतो. हा ‘एवढाच’ फार मोठा आहे.

चार प्रयोग, चार धडे

ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन कर्करोग केंद्रात चार्ल्स पॅट्रिक यांनी विरघळणाऱ्या टाक्यांच्याच जातीच्या पदार्थाचा सच्छिद्र सांगाडा घेतला, त्यात उंदरांच्या बाल-मेदपेशी पेरल्या आणि तो उंदरांच्याच अंगात ठेवला. दोन महिन्यांपर्यंत मेद छान वाढला. मग घटू लागला आणि वर्षअखेर सांगाडाही नव्हता आणि मेदही नव्हता. आधार फार लवकर गेला तर रोप कोलमडते, हा पहिला धडा.

२००५ साली शिकागो येथील इलिनॉय विद्यापीठात जेरेमी माओ यांच्या गटाने माणसाच्या अस्थिमज्जेतील मूलपेशींना मेदपेशींचे वळण दिले, त्या खरवसासारख्या लिबलिबीत हायड्रोजेलमध्ये बसवल्या आणि प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरांच्या कातडीखाली ठेवल्या. चार आठवड्यांनी काढले तेव्हा आत मेद होता आणि दिलेला आकार व मापही कायम होते. मानवी पेशींपासून ठरल्या आकाराचा मेद होऊ शकतो, हे यातून दिसले. पण ते तुकडे लहान होते आणि मुदत महिन्याची होती.

तिसरा प्रयोग कोपनहेगनचा. २०१३ साली ‘लॅन्सेट’मध्ये तो प्रसिद्ध झाला. दहा निरोगी स्वयंसेवकांच्या दोन्ही दंडांत त्यांच्याच मेदाचे ३० मिलिलिटरचे एकेक कलम भरले. एका कलमात प्रयोगशाळेत वाढवलेल्या त्यांच्याच मूलपेशी, दर मिलिलिटरमागे दोन कोटी, मिसळलेल्या होत्या, दुसऱ्यात नव्हत्या. १२१ दिवसांनी मोजणी झाली. साध्या कलमाचा १६.३ टक्के भाग उरला होता, मूलपेशींच्या कलमाचा ८०.९ टक्के. पीअरच्या तराजूनंतर साठ वर्षांनी एवढे आशादायक आकडे पुढे आले. मात्र माणसे दहाच आणि काळ चार महिन्यांचा, हेही तेवढेच खरे.

चौथा प्रयोग मेलबर्नचा आणि तो कावसजीच्या नाकाची आठवण करून देतो. वेन मॉरिसन यांच्या गटाने बाहेरच्या मूलपेशी घातल्याच नाहीत. स्तन काढलेल्या पाच स्त्रियांच्या छातीवर, कातडीखाली, त्यांनी भोके असलेला घुमटासारखा पोकळ साचा ठेवला आणि शेजारच्या मेदाचा एक लहान तुकडा, त्याची रक्तवाहिनी न तोडता, आत वळवून घेतला. रिकामी जागा, रक्ताचा झरा आणि शरीराच्या स्वतःच्या मूलपेशी, एवढ्या भांडवलावर तो वाढतो का, हे पाहायचे होते. २०१६ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एका स्त्रीच्या शरीरात २१० मिलिलिटर मेद तयार झाला होता. उरलेल्या चौघींना तसे यश आले नाही. एकीत का झाले आणि चौघींत का नाही, या प्रश्नात पुढच्या कित्येक वर्षांचे संशोधन दडलेले आहे.

शंका आणि सावधगिरी

एक शंका गंभीर आहे. मूलपेशींचा गुण म्हणजे वाढ आणि नव्या रक्तवाहिन्या खेचून आणणे. कर्करोगालाही नेमके हेच हवे असते. काचपात्रात आणि प्राण्यांत, मेदातल्या मूलपेशी कर्कपेशींच्या वाढीला हातभार लावू शकतात, असे दिसलेले आहे. स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर साधा मेद भरलेल्या स्त्रियांच्या बहुतेक पाहण्यांत कर्करोग उलटण्याचे प्रमाण वाढलेले आढळलेले नाही, ही दिलाशाची गोष्ट आहे. परंतु कोट्यवधी वाढीव मूलपेशी घातल्यावर दहा-वीस वर्षांनी काय होते, याचा हिशेब अजून कोणाच्या वहीत पुरता मांडलेला नाही. म्हणून जबाबदार संशोधक या मार्गाने सावकाश चालतात.

बाजार मात्र थांबत नाही. अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यात २०१५ साली तीन वृद्ध स्त्रियांची दृष्टी अधू होती म्हणून त्यांच्या पोटावरचा मेद काढून त्यातल्या तथाकथित मूलपेशी दोन्ही डोळ्यांत टोचण्यात आल्या. त्याबद्दल पैसे घेण्यात आले. तिघींचीही दृष्टी जवळजवळ गेली. २०१७ साली हे प्रकरण वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले तेव्हा जग हादरले.

आपल्याकडेही गुडघ्यापासून केसांपर्यंत सर्वांवर ‘स्टेम सेल’चा उपाय सांगणाऱ्या जाहिराती दिसतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि केंद्र सरकारचा जैवतंत्रज्ञान विभाग यांनी २०१७ साली दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रक्त घडवणाऱ्या मूलपेशींचे ठरावीक आजारांवरील रोपण वगळता मूलपेशींचा अन्य सर्व वापर हा संशोधन समजावा आणि तो रीतसर चाचणीतच व्हावा. म्हणून कोणी असा उपाय सुचवला तर दोन प्रश्न निःसंकोच विचारावेत. ही चाचणी देशाच्या क्लिनिकल ट्रायल नोंदवहीत नोंदलेली आहे काय? आणि ते संशोधन असेल, तर पैसे कशाचे? या प्रश्नांवर जो डॉक्टर रागावेल, त्याच्या दवाखान्याची पायरी उतरावी हे बरे.

आणि ज्या घरात कोणी आई, मावशी, वहिनी त्या शस्त्रक्रियेतून बाहेर आली आहे, तिथे आज काय सांगावे? एवढे खात्रीने सांगता येते की मूलपेशींपासून वाढवलेला तयार मेद अजून कोणत्याही रुग्णालयात नेहमीच्या उपचारासारखा मिळत नाही. पण स्वतःचा मेद भरणे, पोटावरचा किंवा पाठीवरचा भाग रक्तवाहिनीसह वळवून घेणे, हे उपाय आज मिळतात, आणि कर्करोगाच्या शस्त्रक्रियेआधीच त्यांची चौकशी केली तर निवड अधिक मोकळी राहते. काही न करण्याचा पर्यायही तितकाच मानाचा आहे. तो निर्णय तिचा. आपण एवढेच करावे, की ‘या वयात आता काय त्याचे’ हे वाक्य तिच्या वतीने आपण बोलू नये. तिला काय वाटते ते एकदा विचारावे आणि उत्तर येईपर्यंत तिच्याजवळ बसून राहावे.